दिपालीचं ‘होत नाही’

बुधवारी दुपारी अडीच वाजता पुण्याहून मेल आला, आणि तेव्हापासून दिपालीचं बूड एका जागी टेकलं नाही.

आता एवढी चांगली बातमी आल्यावर माणसानं काय करावं? चार जणांना सांगावं, पेढे आणावेत, निदान एकदा तरी हसावं. हिनं मेल वाचला, लॅपटॉप मिटला, ऑफिसच्या गॅलरीत जाऊन गेवराईच्या रस्त्याकडं बघत उभी राहिली, आत आली आणि तोच मेल पुन्हा वाचला. पुण्यातली मोठी कंपनी. पगार आत्ताच्या अडीचपट. शेवटी एक ओळ होती, होय की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या प्रियदर्शनीनं अखेर विचारलंच, "ताई, पोटात दुखतंय का?"

"काय न्हाई गं," दिपाली म्हणाली आणि चौथ्यांदा गॅलरीत गेली.

या भागात तिला ‘काट्याची पोरगी’ म्हणतात. हे नाव कसं पडलं ते आधी सांगतो. भीमाशंकर अप्पांची ही लहानशी कंपनी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवते. रस्त्याकडेला तो मोठा लोखंडी काटा असतो बघा, अख्खा ट्रक चढतो तो. कापसाची गाडी भरलेली चढते, मग रिकामी चढते, दोन्ही वजनं काट्यावरून संगणकात जातात आणि मधला फरक पावतीवर छापून येतो. शेतकऱ्याच्या हातात पडते ती तेवढी पावती. तलवाड्यापासून दिंद्रुडपर्यंत पन्नासएक काटे अप्पांच्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दिपालीनं एकटीनं लिहिलंय. लाईट गेली की दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं अडकून बसतात. हिचं जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

पोरगी मूळची चकलांब्याची. आई रुक्मिणीबाई आणि बाप उत्तरेश्वर, दोघांनी अठरा हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की ते जायचे, पाडव्याच्या आगेमागे यायचे, आणि मधले सगळे महिने दिपाली आत्याकडं राहून शाळा शिकायची. आत्या, मंजुळाबाई, हाताची चलाख आणि तोंडाची फाटकी. अभ्यास केला नाही तर जेवायला बसू देत नसे. पोरगी बीडला डिप्लोमा, संभाजीनगरला डिग्री करून बाहेर पडली आणि नेमका लॉकडाऊन लागला. दीड वर्ष घरी बसली. मग कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं.

अप्पांनी ना सर्टिफिकेट बघितलं ना मार्क विचारले. सरळ स्कूटरवर बसवून एका काट्यावर नेलं. पडद्यावर वजन एकाच आकड्यावर अडकलं होतं, खाली चार गाड्या खोळंबल्या होत्या. अप्पा म्हणाले, "हे कावून अडकतंय, सांग." दिपाली तीन तास त्या पत्र्याच्या खोलीत घाम पुसत बसली आणि दोष शोधून काढला. अप्पा म्हणाले, "उद्यापासून ये." झाली नोकरी! कागद नाही, करार नाही, सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं तेही नाही. त्याला आता पाच वर्षं झाली. गुडघे गेल्यामुळं आईनं तोड सोडली आणि ती लेकीजवळ गेवराईत दोन खोल्यांत राहायला आली. बाप चकलांब्याला दोन म्हशी सांभाळतो.

मग आता सुख दुखतंय कुठं? तर दुखत होतं. पाच वर्षांत तिच्या चुका काढणारं तिला कुणी भेटलंच नव्हतं. अप्पांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही. जे लिहिलं ते चाललं, चाललं म्हणून बरोबर. पुण्याच्या मुलाखतीत तिनं आपला प्रोग्राम दाखवला, तर त्यात जागोजागी ‘भरलेली गाडी’, ‘रिकामी गाडी’ अशी मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. समोरचा माणूस हसला. चांगलं हसला, टर उडवून नाही, तरी हिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेव्हापासून एकच किडा डोक्यात वळवळत होता. आपण खरंच हुशार आहोत की गेवराईपुरत्याच हुशार आहोत? हे कळायला पुण्याला जावंच लागणार होतं.

पण जायचं म्हटलं की एक गोष्ट आडवी यायची आणि ती तिनं कुणालाच सांगितलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी चार काटे असलेल्या एका शेठनं अप्पांकडं मागणी केली होती. वजन संगणकात गेल्यावर पावती छापायच्या आधी ते हातानं बदलता यायला पाहिजे. "कधी काटा चुकतो, मग दुरुस्ती कशी करायची?" असं शेठचं म्हणणं. दिपालीनं ते ऐकलं मात्र, तिला आईच्या टोळीचे दिवस आठवले. गाडी कारखान्यावर जायची, संध्याकाळी वजनाचा आकडा यायचा, आणि आई दोन दिवस एकच वाक्य म्हणायची, "एवढी कशी भरंल कमी? मोळ्या मी बांधल्यात की." तिला कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून दिपाली अप्पांना ताडकन म्हणाली, "अप्पा, ते होत नाही. काट्यावरून आलेलं वजन बदलताच येत नाही. सॉफ्टवेअरच बंद पडेल."

थाप! शुद्ध थाप! अर्ध्या तासाचं काम होतं ते.

अप्पांनी मान डोलावली आणि शेठला फोन लावला, "पोरगी म्हणती, होत न्हाई." तेव्हापासून दर हंगामाला शेठचा फोन यायचा, दर वेळी अप्पा विचारायचे आणि दर वेळी दिपाली तोंड घट्ट करून सांगायची, होत नाही. आता ती गेली की अप्पा दुसरं पोरगं आणणार. ते बिचारं पहिल्याच आठवड्यात आपली हुशारी दाखवायला ते काम करून देणार. चार काट्यांवर दिवसाला कितीतरी गाड्या चढतात. हे सगळं आपल्या एका थापेवर टांगलेलं आहे आणि आपण पुण्याला वातानुकूलित खोलीत बसून कॉफी पिणार, या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरेना. राहायचं म्हटलं की चिडचिड व्हायची, जायचं म्हटलं की चोरासारखं वाटायचं. धड इकडं ना धड तिकडं.

गुरुवारी सकाळी आईनं ताटातली तशीच पडलेली भाकरी बघितली आणि कमरेवर हात ठेवले. "काय झालं ते सांगतीस का आता?"

"पुण्याहून बोलावणं आलंय नोकरीचं," दिपाली चपला घालता घालता म्हणाली. "उद्या सांगायचंय त्यांना." आणि तलवाड्याचा एक काटा बंद पडला होता म्हणून स्कूटीला किक मारून निघून गेली. एवढंच बोलली. पुढचं, म्हणजे ठरलेलं काहीच नाही हे, सांगायचं राहून गेलं.

आता रुक्मिणीबाईचं ऐका. या बाईनं अठरा हंगामांत तीन टोळ्या बदलल्या, पण एकदाही पळून गेली नाही. तिचा कायदा असा, की टोळी सोडायची तर मुकादमाच्या दारात जायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं आणि तोंडावर सांगून सोडायचं. न सांगता गेलेल्या माणसाला पुढच्या साली कुणी दारात उभं करत नाही. आणि पोरीला लाज वाटत असेल तर आई कशाला आहे? तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, एक नारळ आणि एक खण घेतला आणि रिक्षा करून थेट भीमाशंकर अप्पांच्या घरी जाऊन थडकली. दार अप्पांच्या बायकोनं, नीलम्मानं उघडलं.

दिपाली दुपारी चारला ऑफिसात परतली तर अप्पा स्वतः उठून उभे राहिले. "ये, बस," म्हणाले. पाच वर्षांत त्यांनी तिला कधी बस म्हटलं नव्हतं; ती आपली आपण बसायची.

"तुझी आई येऊन गेली घरी," अप्पा म्हणाले. "नीलम्मानं ओटी भरली त्यांची. लई चांगलं बोलल्या. म्हणल्या, लेकीच्या कामात काय कमी-जास्त झालं आसंल तर पोटात घाला, रागानं पाठवू नका."

दिपालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रियदर्शनी तोंडावर ओढणी धरून खिडकीकडं बघायला लागली.

"अप्पा, अजून ठर... मी तुम्हाला..."

"आसू दे, आसू दे. कधी ना कधी जायचीच होतीस तू." आणि अप्पा नसलेल्या कामाला बाहेर निघून गेले.

ती घरी आली ती दार आपटूनच. "आई, तुला कुणी सांगितलं होतं तिथं जायला? माझं अजून ठरलंच न्हाई!"

"आँ?" रुक्मिणीबाई मटकन खाली बसली. "ठरलं न्हाई? मंग दोन दिस जेवली कावून न्हाईस?"

"ठरंना म्हणून!"

"आगं माझे बाई." रुक्मिणीबाईनं कपाळावर हात मारला. "मी तर आप्पाच्या पाया पडून आले की गं. आता काय परत जाऊन सांगू, खण माघारी द्या म्हणून?"

एरवी दिपालीला हसू फुटलं असतं. त्या दिवशी ती आतल्या खोलीत जाऊन पालथी पडली. आईचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा आला होता. अप्पा ‘कधी ना कधी जायचीच’ म्हणाले ते तिला लागलं होतं. मला अडवावंसं त्यांना वाटलंच नाही, असं कसं? आणि एवढ्याशा बोलण्यानं लागावं इतकं आपलं मन हळवं आहे, याचीही चीड आली.

शुक्रवारी तिनं कामाला हात लावला नाही. चार वाजता ती अप्पांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. बस म्हणायच्या आत बोलून टाकलं.

"अप्पा, मी दोन वर्षं तुमच्याशी खोटं बोलले. त्या शेठचं काम होतं. वजन बदलता येतं. अर्ध्या तासात होतं."

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. लाईट गेल्यावर अर्धी राहिलेली पावती तू जशीच्या तशी काढून दाखवतीस, आन् तुला एक आकडा बदलता येत न्हाई? मी काय कुकुलं बाळ हाय का पोरी?"

अप्पा खिडकीकडं बघून बोलत होते. "शेठ माझ्या मांडीला मांडी लावून जेवणारा माणूस. त्याला तोंडावर न्हाई म्हणायची माझी छाती झाली न्हाई. तू होत न्हाई म्हणालीस, मला लई बरं वाटलं. पोरगी म्हणती होत न्हाई, एवढं सांगितलं की मी सुटलो."

असा संताप आला दिपालीला! दोन वर्षं ती हे ओझं एकटी वाहत होती. मालकाला फसवतोय म्हणून त्यांच्या घरच्या सणाला पुरणपोळी खाताना तिला गिळवत नसे. आणि हा माणूस तिच्या पाठीमागं लपून गोड झोपत होता.

"म्हणजे तुमचं ‘न्हाई’ तुमच्याऐवजी मी म्हणत होते होय?" तिचा आवाज चढला. "दोन वर्षं मला झोप न्हाई, अप्पा! आणि मी गेल्यावर? मग काय सांगणार त्यांना? नवीन पोरगं म्हणतंय, होतं?"

अप्पांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी फोन उचलला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"शेठ, भीमाशंकर बोलतोय. ते तुमच्या काट्याचं. वजन बदलायचं."

"झालं का?" पलीकडून शेठ खूष.

"होतं ते. दोन वर्षांपूर्वीबी होत व्हतं. पन मी करून देणार न्हाई. पोरगी न्हाई, मी. मी देणार न्हाई."

पलीकडून शेठ सावकाश म्हणाले, "अप्पा, चार काटे हायेत माझे. इचार करून बोला."

"केला. चारीबी दुसऱ्याकडं न्या." अप्पांनी फोन बंद केला आणि पाण्याचा तांब्या घाईनं तोंडाला लावला, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. "गेले चार काटे," ते म्हणाले. "आन् एक दोस्तबी गेला." मग ओला सदरा झटकत तिच्याकडं बघितलं. "आता तू माझ्यावर आन् काट्यावर काय ढकलू नको. जायचं तर जा. राहायचं तर माझी ना न्हाई, खुर्ची तुझीच हाय. पन तुझं तू ठरव."

दिपाली वाकून त्यांच्या पाया पडली आणि बाहेर आली.

खरं तर आता तिनं उड्या मारायला पाहिजे होत्या. वाट मोकळी झाली होती. काट्यांची काळजी अप्पांनी आपल्या डोक्यावर घेतली, आईनं तर आधीच निरोप घेऊन टाकलेला. स्कूटी चालू केली तरी तिला हायसं मात्र वाटेना. बाजाराच्या गर्दीत, समोर एक ट्रॅक्टर आडवा, मागं हॉर्नवर हॉर्न, आणि तिला लख्ख कळलं. दोन वर्षं आपण चार काट्यांचं नाव पुढं करत होतो. पुण्याच्या नोकरीच्या तीन जाहिराती आल्या होत्या, तिन्ही सोडल्या. दर वेळी स्वतःला सांगितलं, मी गेले तर त्या गाड्यांचं काय होईल? शेठला सांगितलेलं ‘होत नाही’ निदान दुसऱ्याच्या भल्यासाठीचं खोटं होतं, स्वतःला सांगितलेलं पुरतं खोटं होतं. तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. लहान पोरीला परक्या घरी वाटते तसली साधी भीती.

घरी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कालपासून दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. दिपाली समोर येऊन भुईवर बसली आणि बसता बसताच तिचं तोंड वाकडं झालं.

"आई, मला भ्या वाटतंय."

रुक्मिणीबाईचे हात थांबले. "कशाचं गं?"

"तिथं समदे माझ्यापेक्षा हुशार आसतील. माझं काम बघून हसतील. इथं मी पन्नास काटे चालवते, आणि तिथं मला काहीच येत न्हाई आसं निघालं तर? मग परत कुठल्या तोंडानं येऊ?" आणि ती चक्क हुंदके देऊन रडायला लागली, अठ्ठावीस वर्षांची घोडी.

आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मला बी वाटायचं भ्या."

"तुला? कधी?"

"तोडीला जाताना. दर साली."

"काय बी बोलू नको. तू तर सगळ्यांच्या आधी ट्रकात चढायचीस. मी बघायचे की आत्याच्या दारातनं."

"मागं राह्यले आस्ते तर चढलेच नसते म्हणून." रुक्मिणीबाई शेंगांकडं बघत बोलत होती. "पहिल्या साली वाटलं, पुढच्या बारीला न्हाई वाटायचं. पुढच्या बारीलाबी वाटलं. परकं गाव, परकं रान, राह्यला पाचटाची कोप कुठं घालावी कळायचं न्हाई, आन् तू इथं. हातपाय गळून जायचे माझे. अठरा साल वाटलं, बग. तुज्या बापालाबी ठाऊक न्हाई."

दिपालीनं डोळे पुसले. सगळं आयुष्य ती समजत होती की तिच्या आईला भीती कशाशी खातात ते माहीत नाही. "मग जायचीस कशी?"

"आता कशी म्हंजी काय? ट्रक येऊन हुबा राहायचा दारात." रुक्मिणीबाईनं एक शेंग फोडली, दाणे पाटीत टाकले. "तुजा ट्रक किती वाजता हाय?"

"सहाला."

"आन् आता?"

दिपालीनं मोबाईल बघितला. पावणेसहा वाजून गेले होते. ती उठली, लॅपटॉप आणला आणि आईच्या शेजारीच मांडी घालून बसली. होय लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. कामाची पद्धत शिकायची तयारी आहे असं काहीतरी जोडलं आणि तेही खोडून टाकलं. नुसतं होय ठेवलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

"गेला का?" आईनं विचारलं.

"गेला." तिनं डोळे उघडले. "आई, भ्या आजून वाटतंयच की गं."

"वाटू दे," रुक्मिणीबाई म्हणाली.